एपी म्हणजे बोर्डाची परीक्षा नव्हे

एपी केमिस्ट्रीत, म्हणजे अमेरिकेतल्या शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या केमिस्ट्रीत, मला ५ मिळाले. पाचपैकी पाच. जुलैत सकाळी निकाल लागला, आईने शिरा केला, बाबांनी ठाण्याला आजीला व्हिडिओ कॉल लावला. सप्टेंबरात शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी माझं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेतल्या ग्रेडचा कागद, पुढ्यात ठेवलं. त्यावर त्याच केमिस्ट्रीपुढे सी प्लस होतं. "कॉलेजवाले आधी हे बघणार," एवढंच त्या म्हणाल्या. शिरा घशाशी आला.

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घरांत दरवर्षी कुणीतरी याच खड्ड्यात पडताना बघते, म्हणून लिहिते आहे. एपीचे पेपर मेमध्ये होतात आणि गुण १ ते ५ मिळतात, एवढं लक्षात ठेवा.

आम्ही इथे आलो तेव्हा मी ठाण्यात नववी करून आले होते. डोक्यात बोर्ड पक्कं बसलेलं. वर्षभर चाचण्या, वह्या, सहामाही, काय हवा तो गोंधळ घाला, शेवटी बोर्डाच्या पेपरात काय पडलं तेच खरं. इथे अकरावीत पाच एपी घेतले. केमिस्ट्री, कॅल्क्युलस बीसी, कॉम्प्युटर सायन्स, इंग्रजी लँग्वेज आणि अमेरिकेचा इतिहास, ज्याला सगळी पोरं एपुश म्हणतात. मंडळाच्या गणपतीत एका दादाने कानमंत्र दिला, "मेमध्ये पाच आण, बाकी कोण बघतंय?" तो नामांकित कॉलेजात शिकत होता, म्हणून मी ऐकलं. तेव्हापासून माझं एक मत झालंय. चांगल्या कॉलेजात पोचलेल्या माणसाला आपण तिथे नेमके कशामुळे पोचलो हे बहुधा ठाऊकच नसतं. त्याला पेढे मागा, सल्ला मागू नका.

आता तो खड्डा नीट दाखवते. जरा लांबेल.

एपी या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वर्ग आणि एक परीक्षा. वर्गाची ग्रेड तुमची शिक्षिका देते. त्यात दर आठवड्याची क्विझ, गृहपाठ, लॅब रिपोर्ट, सगळं धरलं जातं. ती ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर चढते, जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, मिसळते. परीक्षेचे गुण ती परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, देते आणि ते वेगळ्याच कागदावर येतात. हे दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत. मेमध्ये ५ आले म्हणून माझ्या शाळेने जूनमधली सी प्लस पुसली नाही. ट्रान्सक्रिप्ट सहसा शाळा परस्पर कॉलेजला पाठवते, ते सक्तीचं. एपीचे गुण मात्र बहुतेक ठिकाणी तुम्ही स्वतः कॉमन अॅपमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, भरता, तेही वाटलं तर. अधिकृत गुण तर बहुतेक कॉलेजं प्रवेश पक्का झाल्यावरच मागतात. म्हणजे एक कागद आधी जातो आणि जातोच, दुसरा मागाहून जातो आणि नाही गेला तरी चालतो. मी सगळं बळ त्या दुसऱ्या कागदावर लावलं.

करत काय होते? लॅब रिपोर्ट उशिरा द्यायचे, कधी द्यायचेच नाही. गृहपाठाला शून्य पडलं तर खांदे उडवायचे, कारण तो धडा मला येत होता. पहिल्या मार्किंग पिरियडला, म्हणजे वर्षातल्या ग्रेडच्या पहिल्या टप्प्याला, ७६ पडले. आई दर शुक्रवारी पोर्टल उघडून बघायची आणि मी तिला छातीठोकपणे सांगायचे, "अगं, हे धरत नाहीत." वर्षाअखेर ७८. सी प्लस.

सी प्लस आणि ५ एकत्र वाचणाऱ्याला काय दिसतं? मुलगी हुशार आहे, पण काम करत नाही. याहून वाईट शिफारसपत्र नाही, आणि ते मी माझ्या हाताने लिहिलं होतं. उलट वर्गात ए आणि परीक्षेत ३ असेल, तर फारसं कुणी दचकत नाही. चांगले गुण चांगल्या ग्रेडला दुजोरा देतात. पडलेल्या ग्रेडला ते उचलून धरत नाहीत.

दुसरा फटका कॅलेंडरचा. बारावीत मी आणखी चार एपी घेतले, मनात हाच हिशेब की आता भरपाई करू. कॉलेजांचे निर्णय मार्चअखेरपर्यंत येतात. कुठे जाणार ते साधारण १ मेपर्यंत कळवायचं असतं. एपीचे पेपर मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि गुण जुलैत. हे चार आकडे मी स्वतः ओळीने कधी मांडलेच नव्हते. मांडले असते तर बारावीच्या मेमधले गुण प्रवेशाच्या कामी येऊच शकत नाहीत हे दहाव्या मिनिटाला कळलं असतं. एप्रिलमध्ये चार नकार हातात असताना आजीने फोनवर विचारलं, तर मी म्हटलं, "अजून मेचा निकाल यायचाय गं." तिला ते पटलं, कारण तिच्या डोक्यातही बोर्डच होतं.

म्हणून बारावीत एपी घेऊच नका, असं नाही. विषयांची नावं अर्जात दिसतात, आणि पहिल्या सहामाहीच्या ग्रेड शाळा जानेवारी-फेब्रुवारीत पाठवते. तिथेही वर्गच मोजला जातो, बघा.

आता जरा श्वास घ्या. माझं वाटोळं झालं नाही. मी इथल्याच सरकारी विद्यापीठात आहे, तिसऱ्या वर्षाला, आणि मजेत आहे. एपीचा खरा पैसा मला प्रवेशानंतर वसूल झाला. ४ आणि ५ वर क्रेडिट मिळाली, म्हणजे कॉलेजातले तेवढे विषय झाले असं धरलं, आणि जवळजवळ एका सेमिस्टरची फी वाचली. बाबांच्या एकट्याच्या पगारात ही लहान गोष्ट नव्हती. पण हे सगळीकडे होत नाही. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून ते बंद केलं. एमआयटीत बीसीच्या ५ वर पहिलं कॅल्क्युलस सुटतं, केमिस्ट्रीच्या ५ वर काहीच मिळत नाही. आणि सुटतं म्हणून सोडावंच असंही नाही. मी उडी मारून थेट पुढच्या, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसला बसले आणि पहिला महिना वर्गात नुसती फळ्याकडे बघत होते.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी थोडं वेगळं. तिथली यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, विद्यापीठं एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघतच नाहीत. एपीच्या वर्गात सी किंवा वरची ग्रेड असेल तर जीपीएला जादा गुण देतात, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांपुरतेच, म्हणजे वर्षभराचे चार विषय. त्यापुढचे एपी तो आकडा वाढवत नाहीत. परीक्षेत १ किंवा २ आले म्हणून अर्जाला बाधा येत नाही, असं यूसीचं धोरण आहे. येलची तऱ्हा उलटी. तिथे २०२४ पासून एसएटीऐवजी एपीचे गुण चालतात, पण तो मार्ग निवडलात तर अर्जाआधी दिलेल्या सगळ्या एपींचे गुण दाखवावे लागतात. चांगले तेवढे वेचून चालत नाही.

एरवी काय भरायचं? ४ आणि ५ बिनधास्त भरा. ३ चं कॉलेज बघून ठरवा. फार निवडक ठिकाणी मी रिकामं सोडेन, सरकारी विद्यापीठाला दाखवेन. २ आले तर रडून घ्या आणि रिकामं सोडा. मात्र ते कायमचे रद्द करायची घाई नको, रद्द केलेले गुण परत येत नाहीत. दरवर्षी एका कॉलेजला गुण फुकट पाठवता येतात, २० जूनच्या आत नाव दिलं तर. त्यात फक्त त्या वर्षाचे गुण जात नाहीत, आधीचेही सगळे जातात. एखादा झाकायचा असेल तर वेगळे पैसे भरून झाकावा लागतो. फुकट दिसलं की आपण आधी बटण दाबतो, म्हणून सांगितलं.

किती एपी घ्यायचे, हा प्रश्न मला मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत ऐकू येतो. शाळा कॉलेजला स्वतःची माहिती पाठवते, आपण किती एपी शिकवतो ते त्यात असतं. शाळेत सहाच असतील तर बारा का नाहीत असं कुणी विचारत नाही. वीस असतील आणि तुम्ही एकच घेतला, तर विचारतील. पाच एपीत बी आणि सी असण्यापेक्षा तीनात ए असणं मला बरं वाटतं. हजारो डॉलर घेऊन "एपी पॅकेज" विकणाऱ्या सल्लागारांबद्दल माझं तोंड उघडू नका. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर जुन्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि ते कसे तपासले याच्या कसोट्या फुकट पडल्या आहेत. आधी त्या संपवा. शाळा सुटल्यावर शिक्षिकेकडे जाऊन बसा. मला ते लाजिरवाणं वाटायचं, आणि शिफारसपत्र मागायला गेले तेव्हा बाईंकडे माझ्याबद्दल लिहायला काही नव्हतं.

पुण्या-मुंबईहून अर्ज करणाऱ्यांचं गणित निराळं आहे. माझा मावसभाऊ पुण्यात अकरावीला आहे, स्टेट बोर्ड. त्याच्या ज्युनियर कॉलेजात एपीचा वर्ग नाही, तो नुसती परीक्षा देणार. त्यामुळे त्याचे गुण एकटेच उभे राहतात आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतात. परक्या देशातल्या बोर्डाचे टक्के वाचणाऱ्याला ५ हा आकडा लगेच कळतो. पण पेपर अकरावीच्या मेमध्येच द्यायला हवेत, आणि केंद्र शोधून नोंदणी त्याआधीच्या पावसाळ्यापासून सुरू करायची. बारावीचा मे त्यालाही उपयोगाचा नाही. एक खड्डा मात्र तिथेही आहे. आपल्याकडे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. दहावी झाली, बारावी लांब आहे, क्लासला बसायचं, कॉलेजच्या युनिट टेस्टला कोण विचारतो. अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात, आणि अर्ज करताना सगळ्यात ताजं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं.

परवा त्याने फिजिक्सच्या युनिट टेस्टचा फोटो पाठवला. २५ पैकी १७. खाली लिहिलं होतं, "ताई, हे धरत नाहीत ना?" मी त्याला फोन लावला.