जुन्या गाडीतील कूलंटची गळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

नागपुरात मार्च सरता सरता जुन्या गाड्यांच्या बॉनेटखालून वाफा निघू लागतात. हिवाळाभर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, थोडेथोडे कमी होत असते आणि मालक दर आठवड्याला बाटलीभर बोअरचे पाणी ओतून वेळ मारून नेत असतो. पुढे पारा 45 अंशांवर गेला आणि गाडी सीताबर्डीच्या गर्दीत अडकली, की तीच बारीक गळती इंजिनाच्या जिवावर बेतते. त्यामुळे हे काम मेअखेरचा नवतपा लागण्यापूर्वीच उरकावे.

इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीचे, झाकण कधीही उघडू नये. आतले द्रव दाबाखाली असल्यामुळे 100 अंशांवर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब उतरतो, ते क्षणात उकळते आणि उसळून हाता-तोंडावर येते. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. शक्यतो सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वीच तपासणी करावी.

गाडीखाली दिसणारे पाणी कूलंटच आहे, याचीही आधी खात्री करून घ्यावी. उन्हाळ्यात एसीचे पाणी बहुधा डाव्या बाजूला ठिबकते आणि त्यापायी कित्येकांची विनाकारण धावपळ होते. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. एसीच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट मात्र हिरवे किंवा लालसर, किंचित गोडसर वासाचे आणि बोटांना बुळबुळीत लागते. ते विषारी असते आणि त्याच्या गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून सांडलेले लगेच धुऊन टाकावे आणि पुठ्ठ्यावरही नजर ठेवावी.

खरी फसगत यापुढे होते. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असे नाही, कारण कूलंट ओघळत खाली येते आणि चालत्या गाडीत पंख्याच्या वाऱ्याने मागेही उडते. माझ्या गाडीत थेंब रेडिएटरच्या तळाशी दिसत होते. मेकॅनिकने रेडिएटर बदलला, पैसे गेले आणि आठवडाभरात पुठ्ठा पुन्हा हिरवा झाला. शेवटी टॉर्च घेऊन ओल खालून वर तपासत गेलो, तेव्हा रेडिएटर इंजिनाला जोडणाऱ्या वरच्या रबरी होज पाइपच्या क्लिपखाली वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवट खपली सापडली. सर्वांत वरची ओली किंवा खपली धरलेली जागा हाच बहुधा गळतीचा उगम असतो.

नुसत्या नजरेने उगम सापडला नाही, तर रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्टर लावून घ्यावा. हा हातपंप झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा. त्याहून जास्त दिल्यास जुना रेडिएटर फाटू शकतो. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला, तर गळती आहेच. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला असलेल्या छोट्या भोकातून द्रव येत असेल, तर पंपाचे सील गेले असे समजावे आणि पंपच बदलावा. पुढच्या सीटसमोरचे पायपुसणे ओले होत असेल आणि काचेवर चिकट धुके धरत असेल, तर दोष बहुधा डॅशबोर्डमागच्या, कूलंट वाहणाऱ्या हीटरच्या जाळीत असतो. झाकणाचे रबर कडक झाले असले, तरी कूलंट कमी होत जाते. झाकण स्वस्त असल्याने संशय येताच बदलावे.

होज पाइप बदलणे घरी जमण्यासारखे आहे. खाली स्वच्छ तसराळे ठेवून कूलंट काढून घ्यावे, क्लिप सैल करावी आणि पाइप ओढण्याऐवजी फिरवून सोडवावा. तरीही तो चिकटून राहिला तर ब्लेडने लांबीत चिरावा, कारण पक्कडीने ताकद लावली की रेडिएटरची नळी मोडते. नळीवरचा खार बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि मगच नवा पाइप चढवावा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवावी, टोकावर नव्हे. पितळी रेडिएटरला डाख देता येतो. प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला असल्यास एम-सीलचे लिंपण फार तर घरी पोहोचण्यापुरते समजावे. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगाही त्याच लायकीचा आहे, कारण भोक बुजवणारा गाळ हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. तयार मिश्रण असल्यास त्यात पाणी मिसळू नये. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत साचतो, म्हणून ते टाळावे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरावे, झाकण काढूनच गार इंजिन सुरू करावे आणि वरचा पाइप मधूनमधून दाबत बुडबुडे निघू द्यावेत. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची वाट मोकळी करणारी झडप, उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढी भर घालून, द्रव उसळू लागण्यापूर्वी झाकण लावावे.

यानंतर कूलंटच्या बाटलीवर पेनने खूण करून आठवडाभर रोज सकाळी पातळी पाहावी. बाहेर कुठेही ओल नसताना पातळी उतरत राहिली, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा जमला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांमधील सील) गेल्याचा संशय घ्यावा, गाडी चालवणे तिथेच थांबवावे आणि ती टो करूनच गॅरेजला न्यावी.