पॅक फाइल न समजणाऱ्या ब्राउझरसाठी प्रॉक्सीची सोय

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मागच्या रांगेतल्या जुन्या मशीनना फायरफॉक्स पेलवत नाही, म्हणून तिथे डिलो आणि लिंक्स हे हलके ब्राउझर टाकलेत. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या काही मुलांचा हात पहिल्यांदा कीबोर्डवर पडतो तो याच मशीनवर, त्यामुळे ती भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. अडचण एकच. आमचं इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून येतं, प्रॉक्सीचा पत्ता पॅक (प्रॉक्सी ऑटो-कॉन्फिग) फाइलमधून मिळतो, आणि ती फाइल या दोन्ही ब्राउझरना वाचता येत नाही.

आपल्याला मात्र येते. १९९६ मध्ये नेटस्केपने आणलेली ही फाइल म्हणजे जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन आहे. त्याला साइटचा पत्ता द्यायचा, ते सांगतं कुठून जायचं.

फायरफॉक्स चालणाऱ्या एखाद्या मशीनवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये पॅकचा पत्ता सापडेल. फाइल उतरवून घ्या आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ‘डायरेक्ट’ दिसलं की तिथे प्रॉक्सी नको. ‘प्रॉक्सी’च्या पुढे सर्व्हरचं नाव आणि पोर्ट असतो, स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर असेल तर बहुधा ३१२८. अर्धविरामाने जोडलेले दोन पर्याय असतील तर पहिला बंद पडल्यावर दुसरा वापरायचा. हे सगळं कागदावर मराठीत उतरवून काढा. आमची भलीमोठी फाइल शेवटी एवढीच निघाली: ग्रंथालयाचा कॅटलॉग थेट, अंतर्गत पत्ते थेट, बाकी सगळं प्रॉक्सीतून.

नियम इतके सोपे असतील तर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लिंक्ससाठी एचटीटीपी_प्रॉक्सी, एचटीटीपीएस_प्रॉक्सी आणि नो_प्रॉक्सी हे तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतात ती सिस्टिममधली सेटिंग्ज) भरा. थेट जायच्या साइट तिसऱ्यात येतात. नावं इंग्रजी लहान अक्षरांतच लिहा, कारण कर्लसारखं फाइली उतरवणारं साधन एचटीटीपी_प्रॉक्सी हे नाव मोठ्या अक्षरांत मुद्दामच मानत नाही. डिलोला हीच माहिती त्याच्या डिलोआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये द्यायची.

काही साइट एका प्रॉक्सीतून आणि काही दुसऱ्यातून जात असतील, तर व्हेरिएबलने भागत नाही. तिथे मी प्रिव्हॉक्सी ही मशीनवरच चालणारी छोटी प्रॉक्सी वापरते. ती त्याच मशीनवर १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८११८ पोर्टवर बसते. ब्राउझरला फक्त हा एक पत्ता द्यायचा; पुढे कुठे पाठवायचं ते प्रिव्हॉक्सी ठरवते. तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘फॉरवर्ड’च्या ओळी लिहायच्या: आधी पॅटर्न (कोणत्या साइटसाठी ते), मग प्रॉक्सीचा पत्ता, थेट जायचं असेल तर पत्त्याच्या जागी नुसता टिंब.

इथे क्रम नीट सांभाळा. पॅक फाइलमध्ये वरून खाली जाताना जो नियम आधी लागू पडतो त्यावरच फंक्शन परततं. प्रिव्हॉक्सीत मात्र शेवटी जुळलेली ओळ चालते. म्हणून ‘सगळं प्रॉक्सीतून’ ही ओळ सर्वांत वर आणि कॅटलॉगसारखे अपवाद तिच्याखाली. पॅकचा क्रम जसाच्या तसा उतरवला तर कॅटलॉगही बाहेरच्या प्रॉक्सीकडे धावेल.

प्रिव्हॉक्सी मुळात जाहिराती गाळणारं सॉफ्टवेअर आहे. गाळणी नको असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘टॉगल’ शून्य करा. तुमची प्रॉक्सी पासवर्ड मागत असेल तर पासवर्ड पुढे पोचवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो सुरू करावा लागतो. विंडोजच्या पद्धतीचं एनटीएलएम लॉगिन असेल तर सीएनटीएलएम हे वेगळं साधन बरं.

सर्व्हिस पुन्हा सुरू करा आणि ब्राउझरमध्ये पी.पी हा पत्ता उघडा. प्रिव्हॉक्सीचं पान दिसलं म्हणजे ब्राउझर तिच्यातूनच जातोय. मग कॅटलॉग उघडून बघा आणि एखादी बाहेरची साइट, आमच्याकडे मुक्त विद्यापीठाची. दोन्ही उघडल्याशिवाय मशीन मुलांना देऊ नका.

ही सोय पॅकची हुबेहूब नक्कल करत नाही. पहिली प्रॉक्सी पडली तर प्रिव्हॉक्सी आपणहून दुसरीकडे वळत नाही. वेळ किंवा वार बघून ठरणारे नियमही तिच्यात बसत नाहीत. ते असतील तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारून त्या मशीनसाठी एकच कायमची प्रॉक्सी मागून घ्या. आणि उतरवलेली पॅक फाइल तारीख घालून जपून ठेवा. नवं सत्र सुरू होताना ताजी फाइल उतरवून डिफ या दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या कमांडने जुनीशी ताडून बघा, कारण तिकडे सर्व्हर बदलला तर या मशीनना ते कळवणारं दुसरं कुणी नसतं.