पोळा ते काढणी: आपलंच लेखन तपासायची तयारी

पोळा झाला, बैलांच्या शिंगांवरचा रंग उडायला लागला की सोयाबीन काढणीला येईपर्यंत तीनेक आठवडे जरा मोकळे सापडतात. शेतीवर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी वर्षभरात काय लिहून ठेवलं ते उपसून बघायला हाच काळ बरा. एकदा काढणी सुरू झाली की वाचून दाखवायला म्हटलं तरी माणूस मिळत नाही.

मला ही बुद्धी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सुचली. जूनच्या तोंडावर सोयाबीनच्या बियाण्याच्या उगवणीवर एक लेख लिहिला होता. आडतीवरचे मुनीमजी म्हणाले, "सर, समदं वाचलं बघा. लई भारी लिवलंय. पण बी तपासायचं कसं, ते कुठं हाय?" होतं ना, सातव्या परिच्छेदात होतं. त्याच्या आधी मृगाचा वास, काळी माती, आकाशाकडं लागलेले डोळे आणि बदलतं हवामान असं सगळं येऊन गेलं होतं. तिथपर्यंत मुनीमजी पोचले होते ही त्यांची भलाई.

तर आधी लेख निवडा. आपल्या आवडीचे घेऊ नका. ते आपल्याला पाठ असतात आणि पाठ मजकुरातली चूक दिसत नाही. लोकांनी ज्यावर बोलून दाखवलं असे तीन, ज्यावर कुणी चकार शब्द काढला नाही असे तीन, आणि सगळ्यात जुना एक, एवढे पुरेत. मोबाईलवर वाचू नका. झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून आणा, ओळींमध्ये बोटभर जागा सोडायला सांगा. लाल पेन चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांवर चालवलं म्हणून मला वाटलं होतं आपल्याला हे सोपं जाईल. तसं काही नसतं. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊच नका, पेन्सिलीनं नुसत्या खुणा करा. पेन हातात आलं की माणूस ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत बसतो आणि तेवढ्यात काम झाल्यासारखं वाटतं.

एका कागदावर तीन वाचकांची नावं लिहून समोर ठेवा. 'सर्वसामान्य वाचक' असं लिहिलंत तर कागद फाडून टाका, असा माणूस कुठल्याच गावात राहत नाही. माझ्या कागदावर मुनीमजी आहेत, पुण्यात नोकरी करणारी भाची आहे आणि आमचे जुने हेडमास्तर आहेत. प्रत्येक खुणेपाशी विचारायचं, इथं यातला कोण अडखळेल? उत्तर दर वेळी वेगळं येतं, आणि खरं काम त्यातच आहे.

उदाहरण म्हणून 'कोयता' हाच शब्द घ्या. बीड जिल्ह्यात एक कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, हे लेकरालाही माहीत असतं. मुकादमानं एका कोयत्याला किती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली, असंच बोलतात. भाचीला मात्र कोयता म्हणजे हत्यार. म्हणून शब्द काढायचा का? मुळीच नाही. 'नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात' एवढं अर्धं वाक्य पहिल्यांदा येईल तिथं जोडलं की झालं. मुनीमजींना ते खटकत नाही आणि भाचीला कळतं. मोंढा, धुरा (शेताचा बांध), बटई (वाट्यानं केलेली शेती) यांनाही हाच न्याय. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथं मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चालला. आमच्याकडचे म्हातारे अजून मंडळ अधिकाऱ्याला गिरदावर म्हणतात. असे शब्द पुसून पुणेरी शब्द घातले तर लेख शुद्ध होईल, पण तो आमचा राहणार नाही.

खरी अडगळ दुसरीकडं असते, आणि ती मला नातीनं दाखवली. सातवीतल्या पोरीला लेख मोठ्यानं वाचायला दिला. ही पायरी चुकवू नका. आपण स्वतः वाचतो तेव्हा जीभ सवयीनं पुढं सरकते. ती धुऱ्याला अडली नाही, तिफणीला अडली नाही. अडली ती 'दुष्काळसदृश परिस्थिती'ला, 'पर्जन्यमाना'ला, 'च्या माध्यमातून'ला. हे शब्द मी कुठून आणले? सरकारी कागदावरून, आपण शिकलेले दिसावं म्हणून. त्या सगळ्यांखाली रेघ मारा आणि शेजारी आपण ते घरी कसं बोलतो ते लिहा. पाऊस म्हटलं तरी पाऊसच पडतो.

'करण्यात आले' दिसलं की मात्र थांबा. एका लेखात मी लिहिलं होतं, 'एप्रिलमध्ये टँकर बंद करण्यात आले.' कुणी केले? मला माहीत होतं, लिहायचं धाडस नव्हतं, आणि मराठीनं लपायला जागा दिली. जिथं कर्ता ठाऊक आहे तिथं तो वाक्यात आणा. ठाऊक नसेल तर आधी विचारून या. पैसेवारीचं, म्हणजे पीक किती आलं त्याच्या सरकारी अंदाजाचं, थोडं वेगळं आहे: म्हातारे आणेवारी म्हणतात, कागद पैसेवारी म्हणतो, तरुणांना दोन्ही कळत नाहीत. इथं सरकारी शब्द टाकून भागत नाही, कारण 50 पैशांच्या खाली की वर यावर गावाच्या सवलती अडतात. तो ठेवा आणि हे कारणही सोबत सांगा.

आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्यावर मी 'लाखो लिटर पाणी' असं ठोकून दिलं होतं. पहिल्या गाडीला 10 डबे, डब्यात 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. दहा हजारी टँकरच्या 50 खेपा म्हटलं की वाचकाला आपल्या गल्लीतला टँकर दिसतो. मापंही तशीच तपासा. बियाण्याच्या लेखात मी हेक्टरी 75 किलो लिहिलं होतं; इथं कुणी हेक्टरात बोलत नाही, एकरी 30 किलो म्हणतात. सगळीकडचे हेक्टर शोधून काढले.

आता सुरुवात. वरचे दोन परिच्छेद हातानं झाका आणि तिसऱ्यापासून वाचा. काही बिघडलं नाही तर ते दोन गेले. माझा नवा मसुदा असा सुरू होतो: 'पोत्यातले कसेही 100 दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी धड कोंब मोजा. 70 किंवा त्याहून जास्त असतील तर नेहमीएवढं बी पुरेल. कमी असतील तर त्या मानानं वाढवा.' मृगाचा वास शेवटी एका ओळीत ठेवलाय. तेवढी हौस राहू द्यावी.

लांब वाक्यं हा माझा जुना रोग. आमच्या गावच्या, अंबाजोगाईच्या, संत दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे लांबलचक जाड कापडावर, लिहिलं, त्यांना ते शोभलं. मी पासोडीएवढं वाक्य लिहितो तेव्हा वाचक मध्येच झोपतो. मोबाईलवर तर कागदावरचा सहा ओळींचा परिच्छेद सगळा पडदा व्यापतो. कापा.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 मध्ये वाढलेले 4, मिळून 18, एका पानावर उतरवून भिंतीला लावा. बोलणारा माणूस 'केलं', 'म्हटलं' म्हणत असेल तर तसं लिहायला नियमांची हरकत नाही. फक्त आपल्या निवेदनात एका ओळीत 'होते' आणि पुढच्या ओळीत 'होतं' नको. टाइप करणाऱ्यानं जुन्या फॉन्टवरून मजकूर बदलून दिला असेल तर 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी' हे शब्द आधी बघा, तिथला र हमखास मोडतो.

सगळं एका वर्षात बदलायला जाऊ नका. हेडमास्तर म्हणतात गावंढळ शब्द काढ, ते मी ऐकणार नाही. यंदा दोनच सवयी धरल्यात, सुरुवात आणि 'करण्यात आले'.

शेवटी मसुदा वाचायला द्यायचा, पण वाचणाऱ्यासमोर बसायचं नाही. माणूस तोंडावर बरंच बोलतो. मुनीमजींच्या हातात कागद देऊन मी समोरच्या टपरीवर चहाला गेलो. परत आलो तर कागद गल्ल्यावर पालथा पडला होता आणि पाठीमागं त्यांनी त्या दिवसाचे तुरीचे भाव मांडले होते. उलटून बघितलं. सगळ्या पानावर पेन्सिलीची एकच खूण होती, एका राहून गेलेल्या हेक्टरखाली.