कमी उंचीवर कसरत करताना विमान पडलं, तर तपासात या चुका टाळा

लहान विमान कसरत करताना पडलं की कारण आधी ठरतं आणि तपास मागून येतो. 'खालून फिरवायला गेला, उंची कमी पडली, संपलं.' हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि म्हणूनच घात करतं. उंची कमी पडली हे तर जमिनीत घुसलेलं विमानच सांगतंय. प्रश्न आहे ती का कमी पडली याचा. इंजिनाने दगा दिला असेल, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) अडकला असेल, उंची दाखवणारा अल्टिमीटर चुकीच्या आकड्यावर असेल, वैमानिकाची शुद्ध हरपली असेल किंवा लूपची, म्हणजे उभ्या गोल गिरकीची, सुरुवातच खालून झाली असेल. शेवटच्या तीन सेकंदांत हे सगळे प्रकार खालून बघणाऱ्याला सारखेच दिसतात.

मराठवाड्यात चिकलठाणा, नांदेड, लातूर, धाराशिव अशा धावपट्ट्या आहेत आणि भोवती मोकळं रान. विमान पडलं तर तिथे पहिल्यांदा पोहोचतात ते शेतकरी, पोलीस पाटील, तलाठी आणि ठाण्याचा जमादार. अपघात तपास करणारी केंद्राची यंत्रणा, म्हणजे २०१२ साली स्थापन झालेला एएआयबी, दिल्लीहून येईपर्यंत वेळ जातो. पुढच्या बऱ्याच चुका त्या मधल्या वेळातल्या आहेत. बाकीच्या मात्र जाणकारांकडून होतात.

जेसीबी बोलावण्याची घाई

माणूस आत अडकला असेल तर पत्रा कापा, दार तोडा, विमान उलटं करा, काहीही करा. आग पसरत असेल तर विझवा. नियमही याला मोकळीक देतो. पण आतले दोघेही गेले आहेत हे डॉक्टरने सांगितल्यावर जेसीबी लावून अवशेष ट्रॉलीत भरायचे आणि ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या वाळूच्या हायवांशेजारी टाकायचे, ही मदत नाही. पुरावा जातो तो इथेच. तोपर्यंत दोरी बांधा, पहारा ठेवा, गर्दी लांब ठेवा.

सुटकेसाठी जे कापलं ते लिहून ठेवा: कोणती केबल, कशाने, कोणी. ताणाने तुटलेल्या केबलीचं टोक केरसुणीसारखं विस्कटलेलं असतं, कटरने कापलेलं सपाट असतं. नोंद नसेल तर ते सपाट टोक पुढे प्रयोगशाळेत महिनाभर संशय खातं. आणखी एक गोष्ट: काही हलक्या विमानांत अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं आणि ते रॉकेटने सुटतं. लाल हँडल दिसलं तर हात लावू नका.

आपली काळी जमीन हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. स्क्रू, दिव्यांचे तुकडे, मीटरच्या काट्यांची टोकं त्यात जातात. चुंबक फिरवून उपयोग नाही, कारण विमानात ॲल्युमिनियम जास्त. माती चाळणीने चाळायची. पावसाळ्यात उलट, इंजिन चिखलात खोल बसतं आणि साखळी लावून ओढलं की पंख्याची (प्रोपेलरची) पाती वाकतात. मग ती पडताना वाकली की काढताना, हे कोण सांगणार? भोवतीने हाताने खणा.

पिकाकडेही बघा. टाकी फुटून पेट्रोल उडालं असेल तर तुरीची, कपाशीची पानं दिवस-दोन दिवसांत करपतात. कुठवर करपली त्याचा फोटो काढून ठेवला तर टाकीत इंधन होतं की नाही, या वादाला एक साक्षीदार मिळतो. शेतमालकाने त्याआधी नांगर घालू नये, एवढं तलाठ्याने बघावं.

'सगळ्या गावाने पाहिलं'

साक्षीदार खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी काय पाहिलं आणि हॉटेलात चहा पिताना काय ऐकलं, हे दुसऱ्या दिवशी त्यांनाही वेगळं करता येत नाही. म्हणून प्रत्येकाला त्याच दिवशी, एकट्याला आणि तो उभा होता त्याच जागेवर नेऊन विचारायचं. पहिला प्रश्न 'काय पाहिलं' हा नाही.

"बाबा, तुम्ही वर कामून पाहिलं?"
"धाडकन आवाज आला, म्हनून."

इथेच थांबायचं. आवाज सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटर जातो. किलोमीटरभर लांब असलेल्या बाबांना धाडकन ऐकू आलं तेव्हा विमान पडून तीन सेकंद झाले होते. त्यांनी पडताना पाहिलंच नाही. पाहिला तो धूर. 'हवेतच पेटलं होतं' हे वाक्य अशाच साक्षीतून येतं.

'इंजिन बंद पडलं होतं' हेही असंच. लूपच्या माथ्यावर, उलटं असताना किंवा तोंड दुसरीकडे वळल्यावर आवाज बारीक होतो; वैमानिक स्वतःही थ्रॉटल मागे घेतो, म्हणजे इंजिनाचा जोर कमी करतो. आवाज बदलला एवढंच खरं. तसंच, 'पडल्यावरही घरघर ऐकू येत होती' असं कोणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका. लांब असलेल्या माणसाला तसंच ऐकू येणार.

मोबाइलचा व्हिडिओ

व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रत घेऊ नका. ती दाबलेली असते आणि वेळेची माहितीही गळालेली असते. ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाइल घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फिरता पंखा वाकडा किंवा थांबलेला दिसतो. तो कॅमेऱ्याचा दोष आहे, त्यावरून निष्कर्ष नको. खरा ऐवज आवाजात असतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल तर त्याचा मूळ स्वर ९० हर्ट्झ येतो. विमान जवळ येताना-जाताना स्वर चढतो-उतरतो, तेवढी दुरुस्ती केली की शेवटच्या सेकंदापर्यंत इंजिन कसं चाललं हे कळतं. लहान विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतोच, त्यामुळे बांधावरच्या पोराचा फोन आणि कॉकपिटमधला जीपीएस हेच काय ते रेकॉर्डर.

पंखा बघून निकाल देणं

पात्याची पुढची कड खरवडलेली, टोक पिळलेलं म्हणजे इंजिन जोरात होतं. एक पातं मागे वाकलेलं आणि दुसरं सरळ म्हणजे बंद होतं, असं जुने मेकॅनिक सांगतात. धातूच्या पात्याला ते बरंचसं लागू पडतं. कसरतीच्या विमानांवर मात्र पुष्कळदा लाकडी गाभ्याची पाती असतात आणि ती जोरात असली की मुळापासून उडून चिपाडं होतात. तिथे पिळ शोधत बसू नये, चिपाडं किती लांब उडाली ते मोजावं.

जमिनीवरचे कापही मोजण्यासारखे असतात. विमान तिरकं आलं असेल तर पाती मातीत ओळीने चरे पाडतात. समजा दोन चऱ्यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि दोन पात्यांचा पंखा २,४०० फेऱ्यांवर होता. म्हणजे सेकंदाला ८० चरे, वेग सेकंदाला ४८ मीटर, साधारण ९३ नॉट (ताशी सागरी मैल). पण फेरे गृहीत धरले तर सगळं गडगडतं: १,८०० धरा, तोच वेग ७० नॉट होतो. फेरे आधी आवाजावरून काढा, मग चऱ्यांकडे या.

तुटलेली तोंडं जुळवून पाहणं

ही जाणकारांची चूक, आणि मला तिचा सर्वांत जास्त राग येतो. दोन तुकडे दिसले की हात शिवशिवतात आणि माणूस ते एकमेकांत बसवून बघतो. धातू थकून हळूहळू तडकला असेल तर तुटीवर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा असतात. तोंडं घासली की त्या गेल्या. पुसू नका, धुऊ नका, बोट फिरवू नका.

त्याआधी विमानाचे चार कोपरे शोधा: नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोकं, आणि हलणारे सगळे पृष्ठभाग. सगळं एकाच खड्ड्याभोवती असेल तर विमान अखंड जमिनीवर आलं. एलेव्हेटरचा तुकडा अर्धा किलोमीटर मागे, कोणाच्या तरी उसात सापडला तर गोष्टच बदलते. म्हणून ज्या दिशेने विमान आलं त्या दिशेची शेतं माणसं रांगेत उभी करून पालथी घाला.

शेपटीच्या पोकळीत काय आहे हे विमान उचलण्याआधी बघा. कसरतीत विमान उलटं होतं आणि सुटलेलं पेन, फोन, पाण्याची बाटली, विसरलेला पाना मागे घरंगळून कंट्रोलच्या दांड्यात अडकू शकतो. क्रेनने उचललं की तीच वस्तू खाली पडते आणि गर्दीतल्या कोणाची तरी म्हणून बाजूला जाते.

हवा आणि आकडे

विमान आणि वैमानिक दोन्ही ठीक होते असं दिसलं की अनेक जण फाइल मिटवतात. मराठवाड्यात तरी त्याआधी हवेकडे बघाच. चिकलठाण्याची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगदर्शकावर काटा नेहमीच्या जागी असतो, पण खरा वेग आठ-नऊ टक्के जास्त असतो. तेवढ्याच जोराने स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) ओढली तर लूपचा घेर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा अठरा टक्के मोठा. सहाशे फुटांचा लूप सातशेचा होतो. खाली शंभर फूटच राखून ठेवले असतील तर ते इथेच संपले. वर इंजिनाची ताकदही घटलेली, म्हणजे माथ्यावर पोहोचतानाच उंची कमी.

दुसरा आकडा अल्टिमीटरचा. त्यावर दाब कोणता लावला होता हे खिडकीतल्या आकड्यावरून टिपून ठेवा, घुंडीला हात न लावता. एक हेक्टोपास्कल चुकला की सुमारे तीस फूट चुकतात. समुद्रसपाटीचा दाब लावून उडणारा माणूस 'माथ्यावर तीन हजार दिसले की पुरे' असं नांदेडला घोकत असेल, तर तिथली जमीन बाराशे-साडेबाराशे फुटांवर असल्याने ते चालून जातं. लातूरची जमीन दोन हजारांच्या थोडी वर आहे. तोच तीन हजारांचा आकडा तिथे पायाखाली हजार फूटसुद्धा देत नाही.

'वेग भरपूर होता, मग स्टॉल कसा होईल?' हा प्रश्न शिकलेल्यांच्याही तोंडी असतो. स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, वेगाने होत नाही, पंखाच्या हवेशी असलेल्या कोनाने होतो. ५५ नॉटला स्टॉल होणारं विमान ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट भार, ओढल्यावर ११० नॉटलाच स्टॉल होतं. जमीन अंगावर येताना माणूस स्टिक पोटाशी ओढतो, आणि नेमकं तेव्हाच.

शवविच्छेदन 'गंभीर जखमा' एवढ्यावर संपवणं

मृत्यूचं कारण सगळ्यांना दिसतंय, म्हणून ग्रामीण रुग्णालयात अहवाल चार ओळींत आटोपतो. तपासाला हवं असतं ते वेगळं: हृदयाच्या रक्तवाहिन्या कशा होत्या, रक्तात कार्बन मोनॉक्साइड होता का, हाताच्या अंगठ्याची आणि तळपायाची हाडं कशी मोडली. दोघे विमानात असतील तर त्या हाडांवरून शेवटी कंट्रोल कोणाच्या हातात होते याचा अंदाज येतो. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालायला विसरू नका. आपल्या उन्हाळ्यात साध्या बाटलीतलं रक्त आंबतं आणि त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. मग न प्यायलेला माणूस मेल्यावर दारुडा ठरतो. डोळ्यातला द्रव आणि लघवीही सोबत घ्या, ताडून बघता येतं.

एकच कारण शोधणं

२६ एप्रिल १९९३ला चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग बीड रोडवरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण गेले. आपल्याकडे अजून तो 'ट्रकमुळे झालेला' अपघात आहे. चौकशीत दोन कारणं आली: वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि विमान उडण्याच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही. त्यातलं दुसरं वगळलं असतं तर रस्ता तसाच राहिला असता.

कसरतीच्या अपघातातही तसंच. दिल्लीत २३ जून १९८०ला संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचं पिट्स विमान सफदरजंगजवळ कमी उंचीवर कसरत करताना पडलं. त्यावर आजही चर्चा होते ती कटाची किंवा बेफिकिरीची. त्या उंचीवर कसरत करायला कोणी आणि कसं दिलं, यावर क्वचितच. याउलट इंग्लंडमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी हॉकर हंटर हे जुनं लढाऊ विमान लूपमधून बाहेर पडता पडता रस्त्यावर कोसळलं आणि ११ लोक गेले, तेव्हा तपास माथ्यापर्यंत मागे गेला. तिथे किमान ३,५०० फूट हवे असताना विमान २,७०० फुटांच्या आसपास होतं. लूप सोडून देण्याची जागा तीच होती. मग प्रश्न आले ते असे: सुरुवातीचा वेग कमी का होता, वैमानिकाच्या डोक्यात दुसऱ्या विमानाचे आकडे होते का, प्रेक्षकांबाहेरच्या रस्त्याचा विचार कोणी केला होता.

आपल्याकडे विचारायचं ते एवढंच: हा लूप आधी सरावात किती उंचीवर केला होता, आज खाली का केला, खाली कोण बघत होतं, आणि गावावरून एक चक्कर मारण्याचा आग्रह कोणाचा होता. हे प्रश्न क्लबातल्या पोरांना विचारताना सोबत हवालदार बसवू नका. पोलिसांचा तपास वेगळा, त्यात दोषी शोधतात; आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट १३ प्रमाणे विमान अपघाताचा तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो. दोन्ही वह्या एक झाल्या की पोरं गप्प होतात.

अवशेष आधीच हलवले असतील तर

तर रडत बसू नका. पहिल्या तासात गावातल्या पोरांनी काढलेले फोटो गोळा करा. झाड, विजेचा खांब, बांध अशा खुणांवरून प्रत्येक तुकड्याची जागा नकाशावर मांडता येते. खड्ड्याची खोली, लांबी आणि दिशा मोजा, तो अजून तिथेच असतो. ज्याने ट्रॉली भरली त्याला जागेवर नेऊन कुठून काय उचललं ते विचारा. तुकड्यांना चिठ्ठ्या बांधा आणि ठाण्याच्या उघड्या आवारातून ते पत्र्याच्या शेडमध्ये हलवा. मृगाचा एक पाऊस पोलादी तुटीवर रात्रीत गंज चढवतो. महत्त्वाची तोंडं कोरडी करून, सिलिका जेलची पुडी टाकून प्लॅस्टिकमध्ये बंद करा आणि पिशवीवर तारीख, वेळ, सही घाला.