साईटवरची सेफ्टी सूचना डोक्यात शिरायची तर

गोव्यात पर्वरीच्या बांधकामाच्या साईटवर गेटपाशी मोठा एलईडी स्क्रीन लावलेला, त्यावर चौदा सूचना इंग्रजीत दिवसभर सरकत असायच्या. आठवड्याने मुकादमाला सहज विचारलं, काय लिहिलंय रे त्यावर? म्हणाला, साहेब, घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. कोपऱ्यात वेळ दिसायची, तेवढीच तो बघायचा.

त्याला काय बोलणार? आमचे गवंडी विजापूर-गदगचे, सेंट्रिंगवाले झारखंड-ओडिशाचे, आणि इंग्रजी येत असतं तरी तेच ते रोज त्याच जागी दिसलं की मेंदू त्याची दखल घेणंच सोडतो. शिवाय एका वेळी डोक्यात मावतं किती? 1956 साली मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सात गोष्टींच्या आसपास म्हटलं, 2001 मध्ये कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने ते चारावर आणलं, आणि हे निवांत बसलेल्या माणसाचं, चिरे वाहणाऱ्याचं नव्हे.

तर आधी सूचना उडवा. दिवसाला एकच, आज जिथे काम आहे तिथल्या धोक्याची. समजा तिसऱ्या मजल्यावर डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) उघडा आहे, तर त्याच डक्टचा सकाळी फोटो काढा (गुगलवरचा गोरा हेल्मेटवाला नको हो), आणि आठ वाजता ग्रुपवर टाका, सोबत त्यांच्यातल्याच एकाच्या आवाजात कानडी आणि हिंदी व्हॉइस नोट. वाक्य "सावध राहा" असलं मोघम नको, "डक्टजवळ पोचलो की आधी सेफ्टी बेल्टचा हूक अडकवायचा" असं, म्हणजे जागा दिसली की कृती आठवते. मग दोघातिघांकडून ते परत बोलून घ्या, नुसतं ऐकलेलं तासाभरात जातं, स्वतः आठवून बोललेलं टिकतं.

रंगावर भिस्त ठेवू नका, लाल-हिरवा वेगळा न कळणारे पुरुष प्रत्येक मोठ्या गँगमध्ये निघू शकतात, म्हणून फुली आणि टिक पण हवी. परांचीवर चढलेल्याला मेसेज पाठवायचाच नाही, टिंग वाजलं की लक्ष गेलंच. दुपारी दोन ते चार झापड येते, कडेचं काम शक्यतो सकाळी उरका.

आणि धोका दिसला तर कळवायचा ॲपमधला तो अकरा रकान्यांचा फॉर्म काढून टाका, पावसात सिमेंटच्या बोटांनी कोण भरणार? आम्ही फोटो आणि व्हॉइस नोट एवढंच ठेवलं, नाव विचारत नाही. पहिल्या आठवड्यात तीन आले, दोन सुटलेल्या फळ्यांचे, एक पाण्याने भरलेल्या लिफ्टच्या खड्ड्याचा.