पणजी पाहायची तर सकाळी, आणि पायी

एकच दिवस हाताशी असेल तर आठच्या आत फोंतेन्हास या पोर्तुगीज वळणाच्या जुन्या वस्तीत पोचा. ऊन चढलं की त्या चिंचोळ्या गल्ल्यांत गाडी वळवायलाही जागा उरत नाही. निळ्या-पिवळ्या भिंती, कौलांवर बसवलेला मातीचा कोंबडा डोळे भरून बघा. पण ही लोकांची राहती घरं आहेत. विचारल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यावर फोटोला उभं राहू नका, ही कळकळीची विनंती. मग शेजारच्या ‘मळा’ या भागातून पायऱ्या चढून मारुतीचं देऊळ.

दुपारी बसने जुने गोवे. 1605 सालच्या बॉम जीझस चर्चच्या गिलावा उतरवलेल्या भिंतींचा लाल चिरा जवळ जाऊन न्याहाळा. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा टाळा.