अलार्म आणि दरवाजे एकाच पॅनेलवर: चार्ज घेण्याआधीची तयारी

कोल्हापुरात व्हीनस कॉर्नर किंवा शाहूपुरीकडच्या इमारतीचे अलार्म आणि कार्डाने उघडणारे दरवाजे सांभाळायचं काम अंगावर येणार असेल, तर पासवर्ड मागण्याआधी पॅनेल, म्हणजे हे दोन्ही चालवणारी पेटी, कुठे बसवलंय ते बघून या. २०१९ आणि २०२१ ला या भागात पुराचं पाणी शिरलं होतं, तरी जिन्याखाली मीटरशेजारी पॅनेल ठोकायची हौस काही फिटत नाही. ते वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर विषय उन्हाळ्यातच काढा. पंचगंगेच्या पाण्याने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्यावर इलेक्ट्रिशियनला शोधत फिरावं लागतं.

मग लाईट गेल्यावर काय होतं ते बघा. मॅग्नेटिक लॉक विजेवरच धरून राहतं. वीज गेली की दार मोकळं. साधारण २७० किलो ताकदीचं एक लॉक १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरच्या आसपास करंट खातं. अशी चार दारं आणि पॅनेलमध्ये सात अँपिअर-अवरची एकच बॅटरी, म्हणजे नवी असली तरी जेमतेम तीन तास. म्हणून एका रविवारी मेन बंद करून घड्याळ लावून बसा. बाहेरच्या दाराला साधं किल्लीचं कुलूपही हवंच. ही मोकळं होण्याची खोड आग लागल्यावर मात्र कामाची. फायर अलार्मची वायर लॉकची वीज थेट तोडते का, सॉफ्टवेअरच्या भरवशावर आहे का, हे बसवणाऱ्याकडून दाखवून घ्या, नुसतं तोंडी ऐकू नका. दाराशेजारची अडचणीत दार उघडायची हिरवी पेटी स्वतः दाबून बघा.

खरं डोकं लागतं ते हक्क वाटताना. दार उघडायचा हक्क वेगळा, अलार्म काढायचा, म्हणजे त्याचा पहारा बंद करायचा, वेगळा. समजा, सकाळी सातला झाडायला येणाऱ्या मावशींना फक्त पहिला दिलाय. त्या कार्ड दाखवतात, दार उघडतं, दोन पावलं आत गेल्या की मोशन सेन्सर त्यांना पकडतो आणि सगळी गल्ली जागी. असं दोन-चारदा झालं की वॉचमन मामा कंटाळून तो झोन बायपास करून, म्हणजे तेवढ्या भागाचे सेन्सर पहाऱ्यातून वगळून, ठेवतात, आणि मग खरा चोर आला तरी सायरन गप्प. त्यापेक्षा अलार्म पहाऱ्यावर असताना मावशींचं कार्ड दारच उघडणार नाही असं सेटिंग करा. सकाळी पहिला येणारा अलार्म काढेल, मग त्या आत जातील. अगदीच अडत असेल तर त्यांच्या मजल्यापुरता आणि तासाभरापुरता हक्क द्या. सगळ्यांना सगळं देऊन मोकळं होणं सोपं, पण मग एवढा खर्च केला कशाला?

नावांची यादी पगारपत्रकाशी ताडून बघा. सोडून गेलेल्याचं कार्ड त्याच दिवशी बंद करा, पण नाव पुसू नका. जुन्या नोंदी कुणाच्या ते नंतर कळायला हवं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत असाल तर नुसत्या बोटाच्या ठशावर राहू नका. वाळूत काम करून ठसे झिजतात आणि शिफ्ट बदलताना गेटवर रांग लागते. तिथे कार्डच बरं. कार्डांतही जुनी १२५ किलोहर्ट्झची सहज कॉपी होतात, नवी घेताना ती टाळा.

दिवाळीच्या सुट्ट्या सिस्टीममध्ये आधीच भरा, नाहीतर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीही वेळापत्रक दार नऊला आपोआप उघडेल. पॅनेलचं घड्याळ तपासा. पाच मिनिटं पुढे असेल तर कॅमेऱ्याशी मेळच बसत नाही. इन्स्टॉलर कोड, म्हणजे पॅनेलची सगळी सेटिंग बदलू देणारा आकडा, फॅक्टरीतलाच असेल तर बदलून घ्या, आणि तो मालकाकडे बंद पाकिटात राहू द्या.

शेवटी पॅनेल ज्यावरून फोन लावतं त्या सिमचा रिचार्ज आणि फोनची यादी. रात्री दोनला पॅनेल पहिला फोन ज्याला लावणार तो दहा मिनिटांत पोचणारा हवा, पुण्यात राहणारे मालक नकोत. त्यांचं नाव तिसरं ठेवा, रागावले तरी चालेल.